आठ मांडव, एक सनई

अमरावतीत त्या काळी लग्न लागायला चार जण लागत: नवरी, नवरा, भटजी आणि ‘नादब्रह्म ध्वनिसेवे’ची सनई. पहिल्या तिघांपैकी कोणी उशिरा आलं तर लोक वाट पाहत. सनई उशिरा आली, तर त्या घराचं नाव पुढची दोन वर्षं निघे.

सनई म्हणजे कोणी वाजवणारा माणूस नव्हे. ती एक काळी तबकडी होती, एका बाजूला सव्वातीन मिनिटं वाजणारी. एका देशमुखांच्या घरच्या लग्नात अंतरपाट खाली आला त्याच क्षणी ती भोंग्यातून वाजली, आणि त्या जोडप्याला वर्षाच्या आत जुळे मुलगे झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, हे कोणी तपासलं नाही. पण तेव्हापासून दुसरी कुठली सनई लोकांना चालेना. राजापेठेत एकदा वेगळी लावून पाहिली, तर नवरीच्या आत्याने अक्षता मुठीतच धरून ठेवल्या. “ही आपली नव्हे,” त्या म्हणाल्या, आणि खरी येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही.

ध्वनिसेवेचे मालक बापूसाहेब देउस्कर यांच्याकडे या तबकडीच्या तीन प्रती होत्या. एक वैशाखात उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकली. दुसरीवर वराचे मामा बसले. उरली एक. बापूसाहेबांनी मुंबईला पत्रं धाडली. कंपनीने दर वेळी मोठ्या नम्रपणे कळवलं, की ही छपाई आता बंद झाली आहे.

तेव्हा प्रश्न असा होता: तबकडी एक, मांडव अनेक, आणि प्रत्येक मांडवात ती नेमक्या मिनिटाला हवी. अंतरपाट पडून गेल्यावर आलेली सनई म्हणजे नुसता आवाज. हा प्रश्न ज्याने सोडवला त्याचं नाव श्रावण बुधाजी तायडे, राहणार फ्रेजरपुरा, शिक्षण सातवी. त्याला यासाठी कोणी शाल दिली नाही. ज्यांना सनई वेळेवर मिळते, त्यांना ती कशी मिळते हा प्रश्न कधी पडत नाही.

श्रावण दुकानात लागला तो झाडावर चढून भोंगे बांधायला. उंचावरून गाव नीट दिसतं. बापूसाहेबांची सनई गावभर कशी फिरते, हे त्याने कडुनिंबाच्या फांदीवरून दोन लग्नसराया पाहिलं. बापूसाहेबांची रीत साधी होती. जो मांडव जवळ, तिथे आधी. त्यामुळे दुकानाशेजारच्या लग्नात सनई अर्धा तास आधीच येऊन बसे, आणि बडनेऱ्याला ती पोचे तेव्हा पंगतीतले लोक हात धूत असत.

“बापूसाहेब,” श्रावण एकदा फांदीवरूनच म्हणाला, “जवळचं पहिले काहून? ज्याचा टाइम पहिले, त्याचं पहिले.”

“खाली उतरून बोल,” बापूसाहेब म्हणाले.

तो उतरला, आणि पुढच्या हंगामापासून तबकडी त्याच्या हवाली झाली. आधी त्याने तिच्यासाठी एक लाकडी पेटी केली. आत जिनिंगच्या गिरणीतून आणलेला सरकी काढलेला कापूस चहूबाजूंनी दाबून भरला, वर ओलं फडकं. ती पेटी सायकलच्या मागे बांधून तो गावात निघाला, की लोक रस्ता देत. पेटीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण त्याची स्वतःची रीतही पहिल्याच हंगामात फसली. ज्याचा मुहूर्त आधी त्याच्याकडे आधी, या न्यायाने तो एका सकाळी बडनेऱ्याहून बुधवाऱ्यात, बुधवाऱ्यातून परत बडनेऱ्याला आणि पुन्हा राजापेठेत असा धावला. चौथ्या खेपेला सायकलची साखळी तुटली, आणि दोन वधूंनी बँडवर भागवलं. तेव्हापासून त्याने दोन्ही रीती एकत्र केल्या. दोन मुहूर्तांत पाव तासाचं अंतर नसेल, तर वाटेत जो मांडव आधी लागतो तो आधी. नाहीतर घड्याळ सांगेल तसं. हे सगळं तो दुकानातल्या पाटीवर खडूने मांडी. पाटीवर आणखी एक रकाना होता. त्याबद्दल तो कोणाला फारसं सांगत नसे. त्यात प्रत्येक लग्नाच्या भटजीचं नाव आणि पुढे एक आकडा असे. पंचांगात ग्रहांचा हिशेब असतो, नवरदेवाच्या फेट्याचा नसतो. कोणता भटजी पंधरा मिनिटं उशीर चालवून घेतो, कोणता पंचवीस, हे श्रावणने कान देऊन, उभं राहून, चार वर्षांत टिपलं होतं. एकाच नावापुढे शून्य होतं. ते नाव मोरोपंत.

सन एकोणसाठच्या वैशाखात श्रावणच्या धाकट्या बहिणीचं, शालूचं लग्न ठरलं. घरातलं हे पहिलं लग्न, ज्यात भटजी नव्हता, मुहूर्त नव्हता, पंचांग नव्हतं. बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला त्याला तिसरं वर्ष चालू होतं. नवरा किसनराव मूर्तिजापूरला रेल्वेत, शकुंतला नावाच्या छोट्या गाडीवर. त्याला रजा मिळाली ती एका रविवारची, आणि वऱ्हाडाला दुपारची गाडी बडनेऱ्याहून पकडायची होती. म्हणून पत्रिकेवर छापलं: ‘सकाळी ठीक साडेदहा वाजता’. ‘ठीक’ हा शब्द शालूने स्वतः घालायला लावला. वस्तीत त्यावर बरीच करमणूक झाली.

शालूची मागणी एवढीच होती. “दादा, माळ घालतानी ते सनई पायजे.”

“त्यायची सनई आपल्याले कायले?” शेजारची पार्बताबाई म्हणाली. “आपली बुद्धवंदना हाये ना.”

“वंदना हायेच. मंग सनई,” शालू म्हणाली. “सनई काय कोनाच्या बापाची हाये?”

श्रावणचा म्हातारा बाप बुधाजी भिंतीला टेकून बिडी ओढत होता. चांदूर बाजाराकडच्या त्याच्या गावी त्याने आयुष्यात पुष्कळ लग्नं पाहिली होती, पण सगळी रस्त्याच्या पलीकडून. सगळं आटोपलं, उरलंसुरलं निघालं, की जेवायला हाक यायची. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. त्या दिवशी त्याने एवढंच विचारलं:

“श्रावण, आपला नंबर शेवटी नाई ना?”

“नाई बा. मधात हाये. साडेदहाले.”

बुधाजीने मान हलवली. विश्वास बसला असं काही ती मान सांगत नव्हती.

त्या रविवारी गावात सात लग्नं होती. पाटीवर बडनेरा आठ दहा, राजापेठ आठ पंचावन्न, अंबापेठ नऊ दहा, भाजीबाजार नऊ पस्तीस, बुधवारा नऊ चाळीस, मग फ्रेजरपुरा साडेदहा, आणि शेवटी कॅम्प सव्वाअकरा. भाजीबाजाराचा मुहूर्त पाच मिनिटं आधीचा, पण वाटेत बुधवारा आधी लागतो, आणि भाजीबाजारच्या भटजींच्या नावापुढे वीस होते. म्हणून बुधवारा आधी. सगळं मिनिटाला मिनिट लावून बसवलं होतं. अकोल्याहून जास्तीचे भोंगे आणि संच आले होते. प्रत्येक मांडवात माणूस नेमला होता. फिरायची होती फक्त तबकडी.

बापूसाहेबांनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“श्रावण, हे फ्रेजरपुरा म्हणजे तुझं घर ना?”

“व्हय. शालूचं लगन.”

“अरे, मग मध्ये कशाला अडकवतोस? तुमच्यात मुहूर्त नसतो. कॅम्पातलं आटोपलं की ने घरी. बारानंतर तबकडी दिवसभर तुझी. संध्याकाळपर्यंत वाजव, मी विचारणार नाही.”

बापूसाहेब हे मनापासून, उदारपणे म्हणाले होते. म्हणूनच त्यांना उत्तर देणं अवघड होतं. श्रावणने खडू पाटीच्या कडेला ठेवला.

“मुहूर्त नाई बापूसाहेब,” तो म्हणाला, “पन वेळ हाये. छापली हाये.”

“छापलेली वेळ कोण पाळतं?”

“आमी पाळून राहिलो.”

बापूसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत हा माणूस दुकानात इतका सरळ उभा राहिलेला त्यांना आठवत नव्हता. “ठीक आहे,” ते म्हणाले. “पण एक ऐक. तुझ्या घरच्या कार्यापायी बाकीचा एक जरी मुहूर्त सनईविना गेला, तर ती पेटी दुसऱ्याच्या सायकलला बांधीन. मग पुन्हा फांदीवर.”

“कबूल,” श्रावण म्हणाला.

हे शुक्रवारी झालं. शनिवारी ऊन उतरताना गोपाळकृष्ण वकील दुकानात आले. वकिलांच्या भाचीचं, चारुशीलेचं लग्न नागपूरला व्हायचं होतं. तिथला हॉल अचानक हातचा गेला म्हणून ते उद्याच अंबापेठेत, वकिलांच्या घरी होणार होतं. भटजी मोरोपंत, मुहूर्त दहा बेचाळीस. वकिलांनी विचारलं नाही, कळवलं. बापूसाहेबांचे दोन दावे वकिलांकडे होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि श्रावणकडे पाहिलं.

“नाई जमत,” श्रावण म्हणाला.

वकील खुर्चीत पुढे सरकले.

“नाही म्हणजे?” वकील म्हणाले.

“साहेब, सात बसते. आठवं घुसवलं तर एक मोडते. ‘हो’ म्हनीन मी, पन उद्या कोनाच्या तरी मांडवात भोंगा मुका राहीन. साडेदहाले फ्रेजरपुऱ्यात वाजून दहा बेचाळीसले अंबापेठेत पोचत नाई सायकल. पाच मिनिटं कमी पडते. अन् तठी मोरोपंत हायेत. दुसरा भटजी अस्ता तर पाच मिनिटं मीच काढली अस्ती.”

वकिलांनी पाटी वाचली. “फ्रेजरपुऱ्यात कोणाचं आहे?”

“माया बहिनीचं.”

“मग प्रश्नच मिटला,” वकील म्हणाले, आणि बापूसाहेबांनीही तेच म्हटलं असतं, पण त्यांच्या लक्षात आलं, की श्रावणने आधीच ‘कबूल’ म्हटलेलं आहे, आणि त्यांनीही. त्यांनी पानाचा डबा उघडला.

“एक तास द्या,” श्रावण म्हणाला. “मोरोपंतायले इचारून येतो.”

“मोरोपंतांना काय विचारणार? ग्रह हलवायला सांगणार?”

“पाहातो,” म्हणून त्याने सायकल काढली.

मोरोपंत ओसरीवर पंचांग घेऊन बसले होते. साठी उलटलेले, काटक. गावातल्या बाकीच्या भटजींना ते वेळेचे चोर म्हणत. शेजारी त्यांचं तांब्याचं घटिकापात्र पालथं घातलेलं होतं. श्रावण पायरीखाली उभा राहिला.

“तबकडीवाला ना तू?” मोरोपंत म्हणाले. “तुझ्या पाटीवर माझ्या नावापुढे शून्य असतं म्हणे.”

श्रावण चपापला. “कोनं सांगतलं?”

“बाकीच्यांनी. त्यांना राग आहे. मला नाही. बोल.”

श्रावणने सगळं सांगितलं. बडनेऱ्यापासून कॅम्पपर्यंत; मिनिटं, वाटा, चढ. मोरोपंत ऐकत होते. मध्येच त्यांनी थांबवलं.

“बुधवारा आधी का घेतलास? भाजीबाजार पाच मिनिटं आधी आहे.”

“वाटेत लागते. अन् तठले महाराज वीस मिनिटं लेट.”

“पंचवीस,” मोरोपंत म्हणाले. “तू त्यांना सवलत देतोस. बस.”

कुठे बसायचं, हा प्रश्न दोघांनाही पडला. मोरोपंतांनी तो पंचांग बाजूला ठेवून सोडवला. ते खाली येऊन पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली. श्रावण बसला.

“तुझ्या बहिणीचं बारा वाजता केलं तर काय बिघडतं?” त्यांनी विचारलं.

“काई नाई बिघडत,” श्रावण म्हणाला. “म्हनूनच सारे तेच सांगून राहिले. आमचं कधीच काई बिघडत नाई महाराज. माया बापाचा सारा जन्म सगळ्यायचं झाल्यावर गेला. पत्रिकेवर साडेदहा हाये.”

मोरोपंतांनी हात लांबवून पंचांग ओढलं.

“दहा बेचाळीस मी काढला तो वकिलांना घाई म्हणून. तसा तो काही फार भारी नाही. बाराच्या सुमाराचा अभिजित मुहूर्त आहे. त्याला कसला दोष लागत नाही, आणि वकिलांची नागपूरची पाहुणेमंडळी गाडीने अकराशिवाय पोचत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. बारा पाच. वकिलांना सांग, मोरोपंतांनी पुन्हा गणित केलं. आणि माझं शून्य पुसू नकोस.”

अशा रीतीने, ज्यांच्याकडे मुहूर्त होता त्यांचा मुहूर्त सरकला, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांची वेळ जागची हलली नाही. वकिलांना अभिजित फार आवडला. आपणच तो सुचवला, असं ते पुढे सांगत.

रविवारी बडनेरा, राजापेठ, अंबापेठ, बुधवारा ही चारही लग्नं पाटीवर लिहिल्यासारखी लागली. श्रावण पेटी उघडायचा, सुई बदलायचा, अंतरपाटाकडे डोळा ठेवायचा, आणि पाट पडायच्या क्षणी सुई तबकडीवर टेकायची. सव्वातीन मिनिटं. मग कापूस, फडकं, सायकल.

भाजीबाजारात तो नऊ पन्नासला पोचला. भटजींच्या वीस मिनिटांत बसणारी वेळ. पण मांडवात नवरदेव बोहल्यावर नव्हता. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर तोंड फिरवून बसला होता, आणि भोवती दहा माणसं त्याला समजावत होती.

“काय झालं?” श्रावणने भोंग्याजवळच्या माणसाला विचारलं.

“रुसला. मनगटी घड्याळ कबूल केलं होतं. ते घेऊन नवरीचे मामा अकोल्याहून निघाले, अन् गाडी लेट. घड्याळ हातात बांधल्याशिवाय उभा राहत नाई म्हणते.”

दहा वाजले. दहा वाजून पाच. भटजी हौसेने वाट पाहत होते. त्यांना सवय होती. श्रावणने वाटेचा हिशेब केला. इथून फ्रेजरपुरा अकरा मिनिटं. निघालो तर हा मांडव सनईविना जातो, आणि उद्यापासून फांदी. थांबलो तर शालू माळ हातात धरून उभी, आणि बा तिच्या मागे. पाटीवर लग्नसराईच्या सगळ्या गोष्टी मांडल्या होत्या. अकोल्याची गाडी त्याने धरली नव्हती. ही चूक त्याचीच होती, असं त्याला वाटलं. घड्याळासाठी सगळ्यांची वेळ खाणारा नवरदेव पाटीवर कुठल्या रकान्यात लिहायचा, हे मात्र त्याला तेव्हाही सुचलं नाही आणि नंतरही.

दहा वाजून आठ मिनिटांनी तो गर्दीत शिरला. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ त्याने सोडलं. बापूसाहेबांचं जुनं, या कामासाठीच दिलेलं, पट्टा दोऱ्याने शिवलेला.

“हे बांध नवरदेव,” तो म्हणाला. “मामा येईपर्यंत. अमरावतीत याच्याएवढं खरं घड्याळ दुसरं नाई. सकाळपासून चार लग्नं यानं लावली हायेत.”

नवरदेवाने पाहिलं. “जुनं हाये.”

“जुनं हाये म्हनूनच बरोबर चालते. नवं घड्याळ आन् नवा नवरदेव, दोनी पुढं पळते.”

दहा माणसं हसली, आणि अकरावा, म्हणजे नवरदेव, हसू दाबता दाबता उठला. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं भटजींनी श्रावणकडे पाहत पाहत दोनच म्हटली. पाट पडला. सुई टेकली. सव्वातीन मिनिटं.

घड्याळ नव्हतं. पण ते त्याला लागतही नव्हतं. पायांना माहीत होतं. तो निघाला तेव्हा दहा सतरा झाले असावेत. भाजीबाजाराची गर्दी, वेशीचा वळसा, मग मोकळा रस्ता. पेटीला धक्का लागू न देता जितकी पळेल तितकी सायकल.

फ्रेजरपुऱ्यात मांडवाच्या तोंडाशी बुधाजी उभा होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं पार्बताबाईच्या घरचं गजराचं घड्याळ. सकाळपासून ते त्याने खाली ठेवलं नव्हतं.

“दोन मिनिटं हायेत,” तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

आत वंदना नुकतीच आटोपली होती. शालू पांढऱ्या साडीत, समोर किसनराव, दोघांच्या हातांत माळा. श्रावणने पेटी उघडली. सुई बदलली. शालूने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

तेवढ्यात बुधाजीच्या हातातला गजर वाजला. साडेदहा. म्हाताऱ्याने तो रात्रीच लावून ठेवला होता. गजर खणखणत असतानाच सुई टेकली, आणि दोन्ही आवाज मिळून भोंग्यांतून, कौलांवरून, वस्तीभर गेले. गजर कसा बंद करायचा हे बुधाजीला ठाऊक नव्हतं. तो थांबेपर्यंत म्हातारा तसाच हसत उभा राहिला. वस्तीत आजही सांगतात, की त्या लग्नात सनईला घंटेची साथ होती.

सव्वातीन मिनिटांनी श्रावण तबकडी कापसात ठेवत होता, तर आई, जाईबाई, ताट घेऊन आली.

“बसतं का नाई? बहिनीच्या लग्नात उपाशी जातं?”

“माय, सव्वाअकराले कॅम्प हाये.”

“बाप्पा! एक घास तरी घे.”

त्याने उभ्याउभ्या बुंदीचा लाडू तोंडात टाकला आणि सायकलला पेटी बांधू लागला. बुधाजी मागोमाग आला. हात अजून घड्याळावर.

“श्रावण, आपल्या मांगं अजून कोन हाये?”

“कॅम्पातलं लगन हाये बा. अन् मंग वकील. बारा पाचले.”

“वकील?”

“गोपाळकृष्ण वकील. अंबापेठेतले.”

“ते आपल्या मांगून?”

“व्हय बा.”

बुधाजी वळला आणि मांडवात गेला. श्रावणने टांग टाकली.

वस्तीच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत तो गेला असेल, तेव्हा त्याने स्वतः आदल्या दिवशी त्या झाडावर बांधलेला भोंगा खरखरला. वंदनेसाठी लावलेला माइक चालू राहिला होता, आणि म्हातारा त्याच्यासमोर उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

“जेवाले बसा राजेहो,” बुधाजीचा आवाज आला. “घाई नोका करू. सनई आता कॅम्पात चालली. मंग वकिलाकडं जाईन.” आवाज थांबला. म्हाताऱ्याने श्वास घेतलेला भोंग्यातून स्पष्ट ऐकू आला. “आपलं झाल्यावर.”